प्रवासातला इअरफोन: पैसे शांततेसाठी मोजा

घोडेगावहून रोज बाहेर पडणाऱ्यांची वाट ठरलेली आहे. आधी मंचरपर्यंतचे साधारण १५ किलोमीटर, मग पुणे-नाशिक महामार्ग. कुणी अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जातं, कुणी राजगुरुनगरला, बरेच जण चाकणच्या एमआयडीसीत आणि काही जण थेट शिवाजीनगरपर्यंत. एसटी असो, कंपनीची बस असो की जीप, चाकणची कोंडी धरली तर जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर झाले अठरा तास. यातला मोठा भाग हल्ली कानात इअरफोन घालून जातो. गाणी, कीर्तन, स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं, क्रिकेटची कॉमेंट्री असं काय काय ऐकलं जातं. एसटीत मोबाईलचा स्पीकर मोठ्याने लावायला मनाई आहे आणि शेजारच्याचा विचार करता ते योग्यच आहे.

आठवड्याला अठरा तास जी वस्तू कानात असते, ती आपण बहुतेक वेळा स्टँडसमोरच्या दुकानात दोन मिनिटांत घेतो. खोक्यावर ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेलं असतं, किंमत परवडते, विषय संपतो. चार महिन्यांत एक बाजू बंद पडते आणि आपण पुन्हा तसाच एक घेतो. या लेखातून मला एक गोष्ट पटवून द्यायची आहे: प्रवासासाठी इअरफोन घेताना पैसे आवाजासाठी मोजू नका, शांततेसाठी मोजा. जो इअरफोन बसचा गोंगाट बाहेर ठेवतो, तो कमी आवाजावरही स्पष्ट ऐकू येतो. आवाज कमी राहिला की कान वाचतात. आणि ज्याचे झिजणारे भाग बदलता येतात, तो टिकतो.

आधी कानांचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून सुरक्षित ऐकण्यासाठी एक मानक ठरवलं आहे. त्यानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकलं तर चालतं. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. यातली महत्त्वाची बाब अशी की डेसिबल ही सरळ पट्टी नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला फक्त अडीच तास.

आता हे आपल्या अठरा तासांना लावून बघा. ८३ डेसिबलवर ऐकलं, तर आठवड्याचा कोटा प्रवासातच जवळजवळ संपतो. ८६ वर ऐकलं, तर तो गुरुवारी सकाळीच संपलेला असतो. ८९ वर मंगळवारी संध्याकाळी घरी पोचण्याआधीच. ८६ आणि ८९ मधला फरक मोबाईलवर बटण एक-दोनदा दाबण्याइतकाच असतो, म्हणून तो लक्षात येत नाही.

अडचण ही की बस स्वतःच गोंगाटाची असते. समजा, आत ८० डेसिबलचा घरघराट आहे आणि इअरफोन तो अडवत नाही. अशा वेळी शब्द कळावेत म्हणून आपण आवाज त्याच्या वर नेतो, म्हणजे ८५-९० पर्यंत. तोच गोंगाट इअरफोनने २० डेसिबलने अडवला, तर कानाशी ६० डेसिबल उरतात आणि ७० वर सगळं नीट ऐकू येतं. आवाज किती ठेवायचा हे आपल्या मनावर फारसं नसतं, ते इअरफोन बाहेरचं किती अडवतो यावर ठरतं. खरेदीचा पहिला निकष म्हणून हाच धरा.

कानाचं नुकसान दुखत नाही आणि भरूनही येत नाही. कानातल्या शंखाकृती भागात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बसमधून उतरल्यावर कानात सूं आवाज येत असेल, समोरच्याचं बोलणं दबल्यासारखं वाटत असेल, तर तो इशारा समजा. असं वारंवार होत असेल, तर नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवा.

कान बंद करणारा इअरफोन घ्या

बाजारात कानात घालायचे दोन प्रकार मिळतात. एक कानाच्या तोंडाशी नुसता टेकतो, त्याला रबर नसतं. दुसऱ्याला पुढे रबराची टोपी असते आणि ती कानाच्या नळीत जाऊन बसते. पहिला प्रकार घरात बरा वाटतो, कारण कान मोकळे राहतात. बसमध्ये मात्र तो जवळजवळ काहीच अडवत नाही. आपल्याला दुसराच घ्यायचा आहे. वायरलेस बड्स घेताना चित्र नीट पाहा, कारण त्यांतही बिनरबराचे बरेच असतात.

कान पूर्ण बंद करून ऐकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ नावाचा इअरफोन काढला, तो कानाच्या नळीत खोलवर बसून बाहेरचा आवाज अडवायचा. तेव्हा ती महागडी वस्तू होती. आज तेच तत्त्व पाचशे रुपयांच्या इअरफोनमध्ये मिळतं, फक्त ते नीट वापरलं जात नाही.

याचं कारण रबर. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापं येतात. मधलं आधीच लावलेलं असतं आणि बाकीची पुडी खोक्यासकट फेकली जाते. हा सगळ्यात स्वस्त भागच सगळ्यात मोठं काम करतो. दाराला बोटभर फट राहिली तर भिंत कितीही जाड असून उपयोग नाही, तसंच रबर सैल बसलं तर इअरफोन कितीही भारी असून उपयोग नाही. इंजिनाचा खर्जातला घरघराट त्या फटीतून आत येतो आणि गाण्यातला खर्ज तिथूनच बाहेर निसटतो. मग लोक म्हणतात, ‘याला बासच नाही.’

माप ठरवायची पद्धत अशी. एका हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, दुसऱ्या हाताने इअरफोन हलकेच फिरवत आत बसवा, मग पाळी सोडा. पखवाज किंवा ढोल असलेलं गाणं हळू आवाजात लावा. खर्ज भरीव लागला, पंख्याचा आवाज मागे गेला आणि जबडा हलवला तरी पकड सुटली नाही, तर माप बरोबर आहे. आतून दाब येऊन दुखत असेल तर एक माप खाली या. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागू शकतं, त्यात काही वावगं नाही.

रबराऐवजी फोमच्या टोप्याही मिळतात. त्या बोटांनी दाबून कानात घालायच्या, आत गेल्यावर त्या फुगून नळीचा आकार घेतात. कारखान्यात कान बंद करायला देतात ते पिवळे प्लग याच तत्त्वावर चालतात. चाकणला प्रेसशॉपमध्ये काम करणाऱ्यांना फोम किती आवाज अडवतो हे सांगायला नको. साध्या रबरापेक्षा त्या जास्त अडवतात, पण घामाने आणि मळाने लवकर खराब होतात आणि काही महिन्यांनी बदलाव्या लागतात. घेताना आपल्या इअरफोनच्या नळीची जाडी जुळते का, ते पाहा.

एएनसी आणि ईएनसी यांत गफलत करू नका

वायरलेस इअरफोनच्या खोक्यावर ‘ईएनसी’ असं मोठ्या अक्षरांत असतं. ग्राहक समजतो की बाहेरचा गोंगाट बंद होणार. प्रत्यक्षात ईएनसी माइकसाठी असतं. तुम्ही फोनवर बोलताना पलीकडच्याला तुमच्याभोवतीचा आवाज कमी जावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानाला त्याने काहीही शांतता मिळत नाही.

कानाला शांतता देणारं तंत्र म्हणजे एएनसी. यात माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि इअरफोन त्याच्या बरोबर उलट लहर तयार करून तो रद्द करतो. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात असे हेडफोन बनवण्याची कल्पना सुचली. विमानाचा घरघराट खर्जातला आणि अखंड असतो, असाच आवाज या तंत्राला सापडतो. एसटीच्या इंजिनाचा आवाजही त्याच जातीचा, म्हणून बसमध्ये एएनसी खरंच उपयोगी पडतं. हॉर्न, खडखडणाऱ्या काचा, मागच्या सीटवरच्या गप्पा हे आवाज अचानक बदलतात, ते अडवायला रबरच लागतं.

खोक्यावर ‘३२ डेसिबलपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा: तो आकडा एखाद्या विशिष्ट पट्टीतला सर्वोत्तम आकडा असतो, सगळ्या आवाजांसाठी नव्हे. दीड-दोन हजारांच्या आतलं एएनसी बऱ्याचदा एवढं बेताचं असतं की त्याच पैशांत नीट बसणारा वायरचा इअरफोन जास्त शांतता देतो.

वायर, नेकबँड की सुटे बड्स?

सुटे बड्स दिसायला सुटसुटीत, पण गर्दीच्या प्रवासात त्यांचे दोन तोटे आहेत. मंचरला बस बदलताना धक्क्यात एक बड पडला की तो सीटखालून मिळेलच असं नाही. दुसरं म्हणजे बॅटरी. प्रत्येक बडमध्ये अगदी छोटी लिथियम बॅटरी असते आणि अशी बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरू लागते. रोज वापरणाऱ्याला दोनेक वर्षांत ते जाणवतं. बहुतेक बड्स चिकटवून बंद केलेले असतात, त्यामुळे बॅटरी बदलणं जवळजवळ अशक्य. म्हणजे वस्तूचं आयुष्य बॅटरीएवढंच.

नेकबँड हा मधला मार्ग. तो गळ्यात राहतो, हरवत नाही आणि त्याची बॅटरी मोठी असते. कंपनीच्या शिफ्टमध्ये वरचेवर फोन घ्यावे लागत असतील किंवा उभ्याने प्रवास होत असेल, तर नेकबँड सोयीचा. कानाच्या बाजूला लोहचुंबक असलेला आणि बटणं हाताला नीट लागणारा घ्या.

शांतता, टिकाऊपणा आणि किंमत या तिन्हींचा मेळ बघितला, तर माझं मत वायरच्या बाजूने पडतं. त्यातही वायर सुटी होणारा इअरफोन उत्तम. गेल्या काही वर्षांत केझेड, मूनड्रॉप, सेव्हनहर्ट्झ अशा चिनी कंपन्यांनी दीड-दोन हजारांच्या आसपास फार चांगले इअरफोन आणले आहेत. त्यांतल्या अनेकांची वायर ०.७८ मिमीच्या दोन टाचण्यांनी इअरफोनला जोडलेली असते. इअरफोनमध्ये सगळ्यात आधी वायर जाते. इथे ती तुटली तर फक्त वायर नवी घ्यायची, इअरफोन तोच राहतो. पण सगळ्याच मॉडेलची वायर सुटी होत नाही, म्हणून घेण्याआधी खात्री करा. शिवाय यांतली वायर कानावरून मागे घ्यायची असते. त्यामुळे ती शर्टाला घासल्याचा खरखर आवाज कानात येत नाही आणि ओढ बसली तरी ती आधी कानाच्या पाळीवर जाते. माइक असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार येतात. फोनवर बोलायचं असेल तर माइकचा मागा.

पिनचा प्रश्न

आता अनेक मोबाईलना जुनं ३.५ मिमीचं गोल भोक नसतं. तिथे दोन पर्याय आहेत: टाइप-सी पिनचा इअरफोन किंवा टाइप-सी ते ३.५ मिमीचं कनेक्टर. दुसरा पर्याय बरा, कारण मोबाईल बदलला तरी इअरफोन चालतो. कनेक्टर घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: ‘यात डॅक आहे का?’ डॅक म्हणजे डिजिटल आवाजाचं ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणारी चिप. नुसती तार जोडलेली स्वस्त कनेक्टरं काही मोबाईलवर चालतात, काहींवर अजिबात चालत नाहीत. डॅक असलेलं थोडं महाग पडतं, पण जवळपास सगळीकडे चालतं. आपला मोबाईल सोबत नेऊन तिथेच लावून बघा.

टिकाऊपणा कसा ओळखायचा

दुकानात इअरफोन हातात घेतला की आधी तीन सांधे बघा: पिनजवळचा, वायर दोन भागांत फुटते तिथला आणि इअरफोनमध्ये शिरते तिथला. नव्वद टक्के लक्ष इथेच द्या. या जागी वायरवर लवचीक रबरी बाही असेल तर वायर एकाच ठिकाणी मुडपत नाही. पँटच्या खिशात मोबाईल ठेवणाऱ्यांनी काटकोनात वळलेली पिन घ्यावी. वायरवरचं कापडी विणकाम दिसायला मजबूत वाटतं, पण सांधे कच्चे असतील तर त्याने फरक पडत नाही.

वायरलेस घेत असाल तर आयपी आकडा बघा. ‘आयपीएक्स४’ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांना टिकणारा, ‘आयपीएक्स७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. मधल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी झाल्याचं सांगितलेलं नाही. आपल्याकडे डिंभे-आहुपेच्या बाजूला पाऊस तुफान आणि महामार्गावर धूळ, म्हणून दोन्ही आकडे असलेला, उदाहरणार्थ ‘आयपी५५’, मिळाला तर तोच घ्या. हे आकडे इअरफोनला असतात, चार्जिंगच्या डबीला बहुधा नसतात. डबी पावसात सांभाळायची.

वायरलेस इअरफोनना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर किंवा खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कळतं. स्वस्तात ‘ओरिजिनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नकली मालापासून वाचायचा हा सोपा उपाय आहे.

पक्कं बिल घ्याच. वॉरंटी सहा महिन्यांची आहे की वर्षाची, दुरुस्तीसाठी पुण्याला जावं लागतं की कंपनी आपल्या पिनकोडवरून वस्तू उचलून नेते, हे आधी विचारा. पाचशेच्या वस्तूसाठी एक रजा टाकून पुण्याला जावं लागलं, तर वॉरंटीचा उपयोग काय? ऑनलाइन घेताना परत करण्याची अट वाचा. कानात घालायची वस्तू ‘बसत नाही’ म्हणून अनेक ठिकाणी परत घेत नाहीत, फक्त बिघाड असेल तर बदलून देतात.

निगा आणि दुरुस्ती

वायर मोबाईलभोवती घट्ट गुंडाळू नका. पिनजवळ जो पीळ बसतो, तिथेच आतली बारीक तार तुटते. चार बोटांभोवती सैल वेटोळं करा आणि छोट्या डबीत ठेवा. काढताना वायर ओढू नका, पिन धरून काढा. पावसाळ्यात डबीत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका. नव्या बुटांच्या खोक्यात ती मिळते.

एका बाजूचा आवाज कमी झाला की लोक इअरफोन टाकून देतात. आधी जाळी बघा. बऱ्याचदा कानातला मळ जाळीवर साचलेला असतो. रबर काढा, इअरफोनचं तोंड खाली धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. टाचणी घालू नका, तोंडाने फुंकू नका. काढलेलं रबर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून मगच लावा. हे आठवड्यातून एकदा केलं तर कानात खाज आणि संसर्ग होण्याची शक्यताही कमी होते. याच कारणासाठी कानातला इअरफोन एकमेकांत वाटून घेऊ नये.

पिनजवळ वायर हलवल्यावर आवाज येत-जात असेल, तर बिघाड पिनमध्येच आहे. मोबाईल दुरुस्तीवाला नवी पिन सोल्डर करून देऊ शकतो. पण आतल्या तारांवर रंगीत वार्निश असतं, ते जाळून काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच काम करून घ्या. माइकवाल्या इअरफोनला तीन काळ्या रेघांची, चार भागांची पिन लागते, तेही सांगा.

कान कधी उघडे ठेवायचे

गोंगाट अडवणारा इअरफोन धोक्याचा आवाजही अडवतो. दुचाकी चालवताना एका कानातही तो नको. मंचर किंवा चाकणला बसमधून उतरण्याआधीच दोन्ही बाजू काढून खिशात टाका, रस्ता ओलांडून झाल्यावर घाला. श्रावणात भीमाशंकरच्या गाड्यांची वर्दळ घोडेगावातून वाढते, तेव्हा पायी चालतानाही कान मोकळे असू द्या. बसमध्ये डोळा लागत असेल तर गाणी आपोआप बंद होण्याची वेळ लावून ठेवा, नाहीतर झोपेतही कोटा खर्च होत राहतो. मोबाईलच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवायची सोय असेल तर ती वापरा. शक्य असेल तेव्हा इंजिनापासून आणि मागच्या चाकांपासून लांब, बसच्या मधल्या भागातली जागा धरा.

किती पैशांत काय?

किमती वर-खाली होतात, तरी ढोबळ मांडणी करता येते. पाचशे ते हजारात नामांकित कंपनीचा, रबर असलेला, तिन्ही सांधे मजबूत असलेला वायरचा इअरफोन घ्या. विद्यार्थ्यांना तो पुरेसा आहे. दीड ते अडीच हजारात सुटी होणारी वायर असलेला इअरफोन, फोमच्या टोप्या आणि गरज असेल तर डॅकचं कनेक्टर एवढं बसतं. रोज चाकण-पुणे करणाऱ्याला मी हाच सुचवेन. फोन सतत येत असतील तर हजार-दोन हजारांचा नेकबँड. एएनसी हवंच असेल तर तीन-चार हजारांची तयारी ठेवा आणि त्याचं आयुष्य बॅटरीएवढंच आहे हे धरून चाला.

पण नवा घ्यायला निघण्याआधी हातातल्या इअरफोनला एक संधी द्या. त्याची जाळी साफ करा, रबराची दुसरी मापं लावून बघा, नाहीतर योग्य मापाचा नवा जोड आणा. मग उद्याच्या बसमध्ये, गाडी महामार्गाला लागली की रोजच्यापेक्षा तीन-चार घरं खाली आवाज ठेवून ऐका. शब्द स्पष्ट कळले, तर तुमचा प्रश्न सुटला आणि पैसेही वाचले. नाही कळले, तर दुकानात काय मागायचं ते आता तुम्हाला नेमकं ठाऊक आहे.